‘रेंट आउट’ : घर दिलं की घेतलं? या चुका टाळा

ऐरोलीत वन बीएचके भाड्याने घेतला आणि ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं, ‘आय हॅव रेंटेड आउट अ फ्लॅट इन ऐरोली.’ वाचणारा समजला भलतंच : ऐरोलीतला फ्लॅट तुमचा आणि तो तुम्ही दुसऱ्याला दिलाय. मेल एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी असेल तर विचारणा होणारच. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि इथे तर मालक तुम्हीच दिसताय!

मराठीत हा घोळ होत नाही. ‘भाड्याने दिला’, ‘भाड्याने घेतला’, विषय संपला. इंग्रजीत नुसतं ‘रेंट’ दोन्हीकडे चालतं. ‘आउट’ लागलं की मात्र देणंच. वस्तू मालकाच्या हातातून बाहेर गेली, म्हणून आउट. भाडेकरू लिहितो ‘आय रेंटेड अ फ्लॅट’. कोणाकडून हे सांगायचं तर पुढे ‘फ्रॉम’. भाडेकरूनेच ‘रेंटेड आउट’ लिहिलं, तर त्याने पोटभाडेकरू ठेवला असा वास येतो, आणि लीव्ह अँड लायसन्सच्या करारात सहसा त्यालाच मनाई असते.

‘रेंटेड आउट इट’ चुकीचं. ‘इट’, ‘देम’ मध्ये येतात : ‘रेंटेड इट आउट’. नाम असेल तर आधी-नंतर कुठेही चालेल. कोणाला दिला त्याला ‘टू’, कितीला दिला त्याला ‘फॉर’ : ‘वुई रेंटेड आउट द खारघर फ्लॅट टू अ फॅमिली फॉर २२,००० अ मंथ.’ ‘बावीस हजारांत’ डोक्यात असतं म्हणून ‘इन २२,०००’ लिहिलं जातं; ते नको.

‘गिव्हन ऑन रेंट’ घोडबंदर रोडच्या एजंटला बरोबर कळतं. परदेशातल्या माणसाला लिहिताना टाळा.

‘लेट आउट’चा अर्थही भाड्याने देणं, आयकर रिटर्नमध्ये भाड्याने दिलेल्या घराला हाच शब्द आहे. भूतकाळातही ‘लेट’च राहतं, ‘लेटेड’ नाही. शिंप्याकडे मात्र ‘लेट आउट’ म्हणजे शिवण उसवून कपडा सैल करणं. आणि गेटवर ‘टू लेट’ची इंग्रजी पाटी लावाल तेव्हा दोन शब्दांत अंतर ठेवा, पण फार मोठं नको, त्या मोकळ्या जागेत एक ‘आय’ घालून त्याचं टॉयलेट करायला सोसायटीतली पोरं टपलेलीच असतात.