टॉप १० पिक्चरची लिस्ट मित्रांनी मिळून कशी बनवायची

चर्चा सुरू व्हायच्या आधीच प्रत्येकाने आपापले १० पिक्चर गुपचूप लिहून काढा, नाहीतर जो पहिला बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात. पहिल्याला १० मार्क, दुसऱ्याला ९, असं शेवटच्याला १, मग बेरीज. समजा चौघांपैकी एकाचाच पहिला नंबर असलेला पिक्चर बाकी कुणाच्याच लिस्टमध्ये नाही, तर त्याला १० आणि चौघांचाही सातवा असलेला १६ घेऊन वर! वाद इथेच पेटतो, कारण बाकीच्यांनी त्या एकाचा पहिला नंबरवाला पिक्चर पाहिलेलाच नसतो, म्हणून लिस्ट थांबवा आणि आधी तो एकत्र बसून बघाच. टाय झाला तर हात वर करून मतदान. तीन पिक्चरमध्ये टाय असेल तर मात्र दोन-दोनच्या मतदानात अ भारी ब पेक्षा, ब क पेक्षा आणि क परत अ पेक्षा असं गोल फिरू शकतं, फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेने १७८५ मध्येच हे दाखवलंय, त्यामुळे कुणावर चिडू नका, तिन्ही पिक्चरना एकच नंबर द्या.