आधी टेप, मग अ-आ-इ : प्रौढ साक्षरता आणि शिवणक्लास एकत्र चालवतानाचा माझा अनुभव

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून राहिलेल्या दोन-तीन जणींनी विचारलं की ताई, प्रौढ शिक्षणात करिअर करायचं तर सुरुवात कुठून करायची आणि पगाराचं काय, म्हणून हे लिहून राहिले. मी नागपुरात पारडीच्या बाजूला एका समाजमंदिरात शिवणकाम आणि साक्षरता असा एकत्र वर्ग चालवला, आधी व्हॉलंटियर म्हणून आणि मग पगारावर, त्यामुळे जे सांगते ते तेवढ्याच अनुभवातून.

पहिली चूक आधी सांगते. मी फळा लावला, प्रवेशिका म्हणजे अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक उघडलं आणि अ अननसाचा सुरू केलं. पहिल्या दिवशी बावीस बाया, तिसऱ्या आठवड्यात सात. मला वाटलं यांना शिकायचंच नाही. मग एक मावशी तोंडावरच बोलली, "मॅडम, तुमचं ते अननस राहू द्या, मले हे मापाच्या टेपवरचं शिकवा, ब्लाऊज शिवून दोन पैसे येतीन तं घरचे येऊ देतीन." झालं, दुसऱ्या दिवसापासून फळा बाजूला आणि सगळ्यांच्या गळ्यात टेप.

आता टेप म्हणजे काय साधी गोष्ट नाही बरं का. या बायांना तोंडी हिशोब आपल्यापेक्षा फास्ट येतो, पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच सगळं बाजारात मुरलेलं. छाती चौतीस असेल तर चौथा भाग साडेआठ, शिलाईचा दीड धरून दहा, हे त्या न लिहिता सांगतात. पण टेपवर साडेआठ कुठे ते सापडत नाही, कारण टेपवर आकडे इंग्रजी आणि प्रवेशिकेत मराठी. मराठीतला एक आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखा दिसतो, मराठी चार म्हणजे वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठ, मग बाई गोंधळणार नाही तर काय? मोबाईल, बसचा नंबर, नोटेवरचा मोठा आकडा सगळं इंग्रजी आकड्यात, म्हणून मी आधी तेच घेतले आणि मराठी आकडे दोन महिन्यांनी. वरून आलेल्या एका साहेबांना आवडलं नाही. असो.

दुसरी गंमत एकोणतीसची. म्हणताना तोंडात तीस येतो आणि लिहायचे दोन आणि नऊ, त्यामुळे अर्ध्या बाया एकोणतीस सांगितलं की तीनावर नऊ लिहायच्या, आणि कटिंगमध्ये दहा इंच चुकले की कापड गेलं समजा. म्हणून पहिला महिना रद्दी पेपरवरच कटिंग करायचं. एका इंचात आठ सूत असतात हे त्यांच्यातल्या रेजा म्हणून, म्हणजे बांधकामावर मजुरी केलेल्या बायांना आधीच माहीत होतं, मिस्त्रीच्या हाताखाली ऐकून ऐकून, आणि त्यांनीच बाकीच्यांना शिकवलं. मी नुसती बघत होते खरं सांगायचं तर.

अक्षरं आली मापवहीतून. उंचीचा उं, छातीचा छा, कंबरेचा क, बाहीचा बा, मुंढ्याचा (बाही जोडतो तो भाग) मुं. प्रवेशिकेच्या हिशोबाने छ आणि ढ फार पुढे येतात, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना छा आधी लागतो. मग गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, मग उधारी. उधारी लिहायला मात्र सगळ्या एका आठवड्यात शिकल्या.

आणि एक गोष्ट कोणत्याच ट्रेनिंगमध्ये मला कोणी सांगितली नव्हती, ती म्हणजे चष्मा. एक बाई चार महिने वर्गात येत होती, बोर्डावरचं वाचायची, वही समोर ठेवली की गप्प, मी मनात तिला मठ्ठ ठरवून मोकळी झाले होते. एक दिवस बघितलं की सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या पोरीला देते. चाळिशी पार केली की जवळचं दिसणं कमी होतंच ना, आपल्या आयांचं होतं तसं. जवळचा साधा चष्मा दिला आणि बाईने पंधरा दिवसात बाकीच्यांना गाठलं. तेव्हापासून माझा नियम आहे की नाव लिहून घेताना सुई-दोरा हातात द्यायचा, ओवता नाही आला तर आधी डोळे तपासणी. माझे चार महिने आणि तिचे चार महिने फुकट गेले, त्याची अजून लाज वाटते.

वेळ दुपारी दोन ते चारच ठेवा. धुणीभांडी करणाऱ्या बाया तेव्हाच मोकळ्या असतात. मे महिन्यात टिनाखाली वर्ग घ्यायचा विचार सुद्धा करू नका, नागपूरचं ऊन आहे बाप्पा. कळमन्याच्या बाजारात मिरचीचा सीझन आला की देठं खुडायला अर्धा वर्ग जातो, त्यांना गैरहजर लावून नाव कापू नका, त्या परत येतात.

आता थोडं अभ्यासाचं, कारण इंटरव्ह्यूत विचारतात. काम आणि अक्षर एकत्र हा विचार आपल्याला नवा नाही, शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी नई तालीमची परिषद घेतली ती हातकामातून शिक्षण यावरच, तिथे मुद्दा मुलांचा होता एवढाच फरक. मोठ्यांसाठी युनेस्कोने १९६५ च्या तेहरान परिषदेनंतर एक मोठा प्रयोग केला, इराण, माली, टांझानिया धरून अकरा देशांत, १९७३ पर्यंत. साक्षरता थेट कामाशी जोडायची, शेतकऱ्याला शेतीतलं आणि कामगाराला कारखान्यातलं वाचायला द्यायचं. त्यावर पुढे टीका अशी झाली की माणसाला फक्त उत्पादन करणारा हात समजलं गेलं. ही टीका मला वर्गातच कळली. मी खूश होऊन सगळं मापवहीतून शिकवत होते आणि एका बाईने विचारलं, "हे झालं, पण मेडिकलमधली चिठ्ठी कधी वाचता येईन?" दुसरीला रेशनच्या पावतीवर किती किलो लिहिलं ते बघायचं होतं, एकीला फक्त पोराच्या शाळेत अंगठा द्यायचा नव्हता. म्हणजे शिलाईमुळे बाई घराबाहेर पडते, पण वाचायचं तिला भलतंच असतं. म्हणून शुक्रवारचा दिवस मी मोकळा ठेवला, ज्याला जो कागद वाचायचा तो घेऊन यायचा.

सरकारी बाजू पण माहीत ठेवा. मुंबईत वरळीला १९६७ मध्ये कामगारांना शिकवायला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, त्यांचीच पुढे जन शिक्षण संस्थानं झाली, आणि २०१८ मध्ये ती मनुष्यबळ विकास (आताच्या शिक्षण) मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. साक्षरता मात्र शिक्षण खात्याकडेच, २०२२ पासूनच्या उल्लास कार्यक्रमात, १५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, त्याची १५० मार्कांची परीक्षा असते, वाचन, लेखन, गणित प्रत्येकी ५०. म्हणजे एकच बाई, पण सुई एका मंत्रालयाची आणि पेन्सिल दुसऱ्याची. जोडायचं काम तुमच्यावर येतं, रजिस्टर दोन, फोटो दोन, सह्या दोन. त्यात जन शिक्षण संस्थानात वयोगट १५ ते ४५ धरलेला, माझ्या वर्गातल्या बऱ्याच बाया त्याच्या पुढच्या.

बायोमेट्रिक हजेरीचा पण एक किस्सा. मी नंतर काही महिने एका ट्रेनिंग सेंटरवर होते, तिथे रेजा बायांचे ठसेच उमटायचे नाहीत, सिमेंटने बोटं गुळगुळीत झालेली. मशीन म्हणायचं गैरहजर आणि बाई समोर बसलेली. सेंटरवाले म्हणाले, मॅडम सिस्टीममध्ये नाही तर आम्ही काय करणार. मी भांडले, थोडं जमलं, थोडं नाही जमलं, आणि मी ती नोकरी सोडली.

पगाराचं विचारलंत म्हणून, उल्लासमध्ये शिकवणारे स्वयंसेवक असतात, तिथे पैसे नाहीत. संस्थांमध्ये प्रोजेक्ट असेपर्यंत नोकरी. म्हणून एमएसडब्ल्यू करता करता स्वतः कटिंग शिकून घ्या, मी नव्हते शिकले आणि पहिल्या महिन्यात बायांनीच माझा गळा चुकलेला ब्लाऊज उसवून नीट करून दिला होता.