वनहक्काचा दावा भरायचाय? आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा

वनजमिनीवरचा आपला जुना ताबा कायद्याने मान्य करून घ्यायचा, तो वनहक्काचा दावा. त्याचा अर्ज हाती घेण्याआधी वावरात जा आणि गावातलं सगळ्यात जुनं माणूस सोबत न्या. किनवट तालुक्यातल्या आमच्या गुड्याच्या, म्हणजे आदिवासी वस्तीच्या, वनहक्क समितीची मी सचिव आहे. कागद उशिरानेही सापडतो. म्हातारं माणूस गेलं की त्याच्यासोबत पुरावाही जातो. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब कायद्याने पुरावा मानला आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. "जमीन पूर्वीपासून त्यांचीच" एवढ्यावर थांबू नका. विहीर कोणी खोदली, धुऱ्यावरचं मोहाचं झाड कोणी राखलं, कोणाला कुठे पुरलं, हे विचारा. विहीर, बांध, पुरण्याची जागा, देवाची जागा, सगळं पुराव्यात धरतात.

पुरावे किमान दोन लागतात. माझ्या सासऱ्यांच्या दाव्याला आम्ही नुसतं रेशनकार्ड लावलं, तो परत आला. मग सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीतून दोन पावत्या काढल्या, जंगलात नांगर घातला म्हणून भरलेल्या दंडाच्या. त्या कागदांची त्यांना जन्मभर लाज वाटायची, आणि आमचा ताबा कधीपासूनचा हे त्यांच्यावरच लिहिलेलं होतं. तुमच्या घरी असतील तर जपा. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो. जंगलात राहणाऱ्या इतरांना त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्यही.

जुनी नोंद शोधताना एक ध्यानात ठेवा. किनवट 1956 पर्यंत आता तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, त्यामुळे नुसतं नांदेडला विचारून भागत नाही. निजामाच्या राज्यातला कागद उर्दूत निघाला तर वाचणाऱ्याला शेजारी बसवून ओळ न ओळ मराठीत उतरवून घ्या. निजामाशी लढणारे गोंड नेते कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले, तेव्हा आपण त्यांच्याच जिल्ह्यातले होतो. आपल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे 2006 च्या वनहक्क कायद्याने सुरुवातीलाच कबूल केलंय. म्हणून मान खाली घालून अर्ज देऊ नका.

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या. जागेच्या पाहणीला वनखात्याचे आणि महसूलचे लोक आले की त्यांची तारखेसह सही घ्या. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा खोटा ठरत नाही. तो फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून असतो. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. आमच्याकडे कापूस वेचणीत सभा ठेवली तेव्हा बायाच आल्या नाहीत, ठराव लांबला. वेचणी उरकल्यावरच ठेवा.

वैयक्तिक दाव्यात प्रत्यक्ष ताब्यातली, जास्तीत जास्त 4 हेक्टर जमीन मिळते. लग्न झालेलं असेल तर पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, तेव्हा बायकोचं नाव आधार कार्डाशी पडताळून बरोबर लिहा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणी तुम्हाला हुसकावू शकत नाही.

ग्रामसभेनंतर दावा उपविभागीय समितीकडे जातो. तिने नामंजूर केलं तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. कारण लेखी मागा, कागद मिळाल्याची तारीख त्याच्यावरच लिहा. त्या दिवसापासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं.