संस्था, समूह, दर्जा : समाजशास्त्राचे पहिले धडे शिकताना या चुका टाळा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे पेपर तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं : ‘कुटुंब ही संस्था असून वडील हे तिचे अध्यक्ष असतात.’ लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो, धडा त्याने वाचलेला असतो. अडचण वेगळी आहे. रसायनशास्त्रातले बरेच शब्द कोरे मिळतात, शिक्षक सांगतील तो त्यांचा अर्थ. समाजशास्त्रात असा कोरा शब्द मिळत नाही. समाज, संस्था, गट, दर्जा हे सगळे शब्द आपण घरात, गावात, कचेरीत आधीच वापरून झिजवलेले असतात, आणि परीक्षेत पेन चालू लागलं की तो घरचाच अर्थ आधी उतरतो. म्हणून या चुका पाठांतराने जात नाहीत. त्या कुठून येतात ते कळलं तरच जातात.

संस्थेला सभासद देऊ नका

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडे शिक्षण संस्था असते, सहकारी संस्था असते, सेवाभावी संस्था असते. 1860 चा सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट मराठीत ‘संस्था नोंदणी अधिनियम’ झाला. गावात ‘सोसायटी’ म्हटलं की पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सोसायटी, मुंबई-पुण्यात म्हटलं की राहती इमारत. समाजशास्त्राच्या हिशेबाने या साऱ्या संघटना आहेत (काही पुस्तकांत ‘मंडळ’ हा शब्द येतो). ठरवलेल्या कामासाठी माणसं एकत्र येतात, पदं वाटून घेतात, नियम करतात आणि वेळ आली तर संघटना बरखास्तही करतात.

संस्था ही माणसांची बेरीजच नाही. एखादी मूलभूत गरज भागवण्यासाठी समाजात रुळलेली रीत, तिच्या नियमांसकट आणि नियम मोडल्यावर मिळणाऱ्या शिक्षेसकट, म्हणजे संस्था : विवाह, कुटुंब, धर्म, शिक्षण, मालमत्ता.

मॅकायव्हर या समाजशास्त्रज्ञाने यासाठी फार कामाची खूण सांगितली आहे : आपण संघटनेचे असतो, संस्थेचे नसतो. अडलात की दोनच प्रश्न विचारा. इथे नाव नोंदवता येतं का? राजीनामा देता येतो का? वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवता येतं, ती संघटना. विवाहाचं सभासदत्व कुणी घेत नाही, ती संस्था. महाविद्यालय ही संघटना, शिक्षण ही संस्था. वडिलांना अध्यक्ष करणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं घर होतं. ते घर हा समूह आहे. घर कसं बनावं, वारसा कुणाकडे जावा, म्हाताऱ्यांचं कुणी करावं, हे ठरवणारी रीत ही कुटुंबसंस्था.

गर्दीला समूह म्हणू नका

दादरच्या फलाटावर संध्याकाळी शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. तो समूह नाही, जमाव आहे. महाराष्ट्रातले सगळे डावखुरे लोक हाही समूह नाही. एका गुणावरून आपण त्यांना एका रकान्यात टाकलं, म्हणजे ती वर्गवारी. समूह म्हणायला परस्परांशी येणारा नेमाचा संबंध लागतो, ‘आपण’ ही जाणीव लागते आणि एकमेकांकडून काही अपेक्षा लागतात.

पण या रेषा पक्क्या नसतात, आणि उत्तर खुलतं ते हे दाखवल्यावर. त्याच फलाटावरून रोज ठरलेल्या वेळेची लोकल, ठरलेला डबा पकडणारे लोक पाहा. काही महिन्यांत चेहरे ओळखीचे होतात, जागा धरल्या जातात, टाळ येतात, डब्यात भजन सुरू होतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. एखादा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. जमावाचा समूह झाला तो त्या फोनच्या दिवशी.

व्हॉट्सॲपवर ‘ग्रुप’ असं नाव आहे म्हणून समूह झाला, असंही लिहू नका. संबंध आणि अपेक्षा आहेत का, तेवढं बघा.

‘प्राथमिक’ म्हणजे छोटा नाही, ‘दुय्यम’ म्हणजे कमी प्रतीचा नाही

प्राथमिक शाळा आणि दुय्यम दर्जाचा माल, या दोन ओळखींमुळे हे घडतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1909 साली प्राथमिक समूहाची कल्पना मांडली आणि उदाहरणं दिली ती कुटुंब, मुलांचा खेळगट आणि शेजार यांची. त्यांना ‘प्राथमिक’ म्हणायचं कारण असं की माणसाचा स्वभाव आणि आदर्श पहिल्यांदा तिथे घडतात. संख्या ही कसोटी नाही. पतपेढीची पाच जणांची कर्जवाटप समिती लहान असते, पण तिच्यातला संबंध कामापुरता असतो, म्हणून ती दुय्यम.

दुसरी चूक जास्त खोल आहे : ‘प्राथमिक समूहात फक्त प्रेम असते.’ कूली असं म्हणत नाहीत. तिथे स्पर्धा असते, हेवेदावे असतात, हे ते मान्य करतात. वाटणीवरून दहा वर्षं न बोलणारे दोन भाऊ आठवा. ते भांडण इतकं जिव्हारी लागतं, कारण नातं प्राथमिक आहे.

औपचारिक आणि अनौपचारिक असे दोन रकाने पाडून मोकळे होऊ नका

औपचारिक म्हणजे ठरवलेल्या नियमांनी आणि पदांनी बांधलेलं, अनौपचारिक म्हणजे ओळखीपाळखीतून आपोआप जमलेलं. मग तक्ता काढायचा, डावीकडे कार्यालय, उजवीकडे मित्रमंडळी. गुण मिळतात, पण समज तिथेच थांबते. खरी गंमत तर एकाच छताखाली दोन्ही कसे नांदतात यात आहे.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 साली एका खोलीत तारा जोडणाऱ्या 14 कामगारांचं निरीक्षण झालं. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशी मजुरीची पद्धत होती. कंपनीच्या हिशेबाने सगळ्यांनी वेग वाढवायला हवा होता. कामगारांनी मात्र दिवसाचं ‘रास्त’ काम किती ते आपापसात ठरवून टाकलं होतं. कुणी फार पुढे गेला की शेजारचा त्याच्या दंडावर ठोसा द्यायचा. तो ठोसा कंपनीच्या कुठल्याही नियमावलीत नव्हता, आणि उत्पादन ठरत होतं त्या ठोशावर.

घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचे डबेवाले घ्या. 1890 च्या सुमारास सुरू झालेलं हे काम, 1956 मध्ये त्याचा ट्रस्ट नोंदला गेला. मुकादम, टोळ्या, डब्यांवरच्या खुणा ही औपचारिक बाजू. पण डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले, नात्यागोत्याचे, पंढरीची वारी करणारे. नवा माणूस टोळीत येतो तो ओळखीतून, आणि चूक केली तर ती गावापर्यंत पोचते. डबा वेळेवर पोचण्यामागे दोन्ही बाजू आहेत. ‘डबेवाले : औपचारिक की अनौपचारिक?’ असा प्रश्न आला तर एकच शब्द लिहून थांबू नका.

दर्जा सगळ्यांनाच असतो

‘मोठ्या माणसालाच दर्जा असतो’ असं लिहिलं जातं, ती ‘दर्जेदार’ या शब्दाने केलेली चूक. समाजशास्त्रात दर्जा म्हणजे स्थान. शिपायालाही असतो, कलेक्टरलाही. जन्माने मिळाला तो अर्पित, मिळवला तो अर्जित. ही फोड मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांची, 1936 ची. दर्जा आपण धारण करतो, भूमिका (त्या स्थानाकडून अपेक्षित असलेलं वागणं) पार पाडतो.

भूमिकासंघर्ष आणि भूमिकाताण यांची अदलाबदल तेवढी टाळा. सरपंच बाईंना सासऱ्यांच्या अतिक्रमणाची नोटीस काढावी लागली, तर सरपंच आणि सून हे दोन दर्जे भिडले : संघर्ष. शिक्षिकेने एकाच मुलाला मायेने समजवायचंही आणि नापासही करायचं : एकाच दर्जाच्या आतला ताण.

रचना म्हणजे माणसांची यादी नाही

‘समाजरचनेत शेतकरी, कामगार, व्यापारी इत्यादी असतात.’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण पुढचं सगळं समाजशास्त्र या कल्पनेवर उभं आहे. रचना माणसांची नसते, त्यांच्यातल्या टिकाऊ संबंधांची असते. माणसं बदलली तरी जी उरते ती रचना.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबतची एखादी दिंडी बघा. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, मधोमध विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. रथापुढे 27 दिंड्या, रथामागे कितीतरी अधिक, प्रत्येकीला क्रमांक. यंदाचा विणेकरी पुढच्या वर्षी नसेल, वीणा मात्र कुणाच्या तरी गळ्यात असेलच. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावून हाक देतात आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतात, मग आरती होते. कुणी कुणाचं ऐकायचं आणि तक्रार कुठल्या वाटेने मांडायची, हे त्या तळावर आज आलेल्या कुणीही ठरवलेलं नाही. ती रचना आहे.

आणि ती दिसते तेवढीच नसते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिसलं की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा दिवसभर एकत्र अभंग म्हणत चालतात, पण जेवायला वेगळे बसतात. अभंग म्हणत चालताना ही फूट दिसत नव्हती. जेवणाच्या वेळी मात्र दुसरी, जुनी रचना वर येत होती.

इथेच तो नेहमीचा प्रश्न सुटतो : जात हा समूह की रचना? उत्तर कुठल्या पातळीवर बोलताय त्यावर आहे. गावातली भावकी समूह आहे. ठरावीक पंच असलेली जातपंचायत संघटनेच्या जवळ जाते. राज्यभर पसरलेले एका जातीचे लोक बहुतेक वेळा वर्गवारीत येतात. जातिव्यवस्था मात्र रचना आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीला बंदिस्त वर्ग म्हटलं आणि ते बंद दार म्हणजे जातीतच लग्न करण्याचा नियम, हे दाखवलं. त्याच निबंधात ते म्हणतात की एकवचनी जात अस्तित्वातच नसते, जाती नेहमी अनेकवचनी. एक जात वेगळी काढून तिचं वर्णन करू लागलात की संबंध सुटतो आणि हातात पुन्हा यादी उरते.

म्हणून उत्तरात ‘आमचा समाज’, ‘त्यांचा समाज’ असं लिहिताना थांबा. बोलण्यात तिथे जात अभिप्रेत असते. पेपरात ‘जात’ म्हणायचं असेल तर सरळ ‘जात’ लिहा, आणि ‘समाज’ हा शब्द या सगळ्यांना बांधणाऱ्या संबंधांच्या जाळ्यासाठी राखून ठेवा.