पोट बिघडलं की चुकीचा आरोपी पकडू नका

दोन वर्षांपूर्वी सलग चार महिने माझं पोट रोज दुपारी चारच्या सुमाराला फुगायचं. कधी नुसता गुडगुडाट, कधी हातातलं काम टाकून पळावं लागे. लोकांना काय खावं हे सांगणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती. आधी दुधावर संशय घेतला, दूध बंद. मग कडधान्यं बंद. मग गहू. वजन दोन किलो उतरलं, पोट मात्र ठरल्या वेळी फुगतच राहिलं.

शेवटी जे इतरांना करायला लावते ते स्वतः केलं. वही घातली, आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहायला लागले. पाचव्या दिवशी समासात खरडलेलं दिसलं: शुगर-फ्री च्युइंगगम, ८. कामाच्या तंद्रीत सकाळपासून दुपारपर्यंत मी आठ तुकडे चघळत होते आणि त्याला 'खाणं' समजतच नव्हते. त्यात साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं, एका तुकड्यात साधारण एक-सव्वा ग्रॅम. लहान आतडं ते पूर्ण शोषू शकत नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथे पाणी ओढून घेतं आणि जिवाणू त्याचा वायू करतात. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की अनेकांना हा त्रास होतो. गम सोडला, तीन दिवसांत चार वाजता घड्याळाकडे बघणं थांबलं. बिचारं दूध चार महिने उगाच शिक्षा भोगत होतं.

ही चूक बहुतेक सगळे करतात. पोट बिघडलं की शेवटचा खाल्लेला पदार्थ आरोपीच्या पिंजऱ्यात. पण पचनाला स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि ते माहीत नसेल तर तपास चुकणारच.

आधी वेळ बघा, मग पदार्थ

घन जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण दोन ते चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर आणखी. पुढचं लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब. तिथे आणखी काही तास. मोठ्या आतड्यात मात्र मुक्काम एक दिवसाचा, कधी दोन दिवसांचाही. म्हणजे आज सकाळी जे बाहेर पडलं ते बहुधा काल दुपारचं किंवा परवाचं जेवण असतं.

हे वेळेचं गणित पहिल्यांदा डोळ्यांनी पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे विल्यम ब्यूमाँट यांनी १८२५ मध्ये मांस, पाव, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने दोरा ओढून पाहिला, तर पाव आणि कोबी निम्मे विरघळलेले आणि मांस जसंच्या तसं.

तुम्हाला दोऱ्याची गरज नाही. एका जेवणात मक्याचे दाणे खा आणि वेळ लिहून ठेवा. त्यांची सालं पचत नाहीत, ती दुसऱ्या टोकाला दिसली की तुमच्या पोटाची गाडी किती तासांची आहे हे कळतं. ऐकायला किळसवाणं आहे, पण फुकट आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह.

आता तक्रारीची वेळ घ्या. दूध प्यायल्यावर अर्धा तास ते दोन तासांत पोट फुगलं, कळ आली, तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचा संशय रास्त आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांमध्ये ते पचवणारं विकर लहानपणानंतर कमी होतं, त्यामुळे हा आजारही म्हणता येत नाही. विषबाधेतही वेळच बघायची. खाल्ल्यावर दोन-चार तासांत जोरदार उलट्या झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेलं जिवाणूंचं विष कारण असू शकतं. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला मात्र १२ ते ४८ तास लागतात, कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूला बहुधा दोन ते पाच दिवस. तेव्हा जुलाब सुरू झाल्या झाल्या आदल्या रात्रीच्या यजमानांना नावं ठेवण्याआधी त्याआधीचे तीन दिवस आठवा.

आणि ती नेहमीची तक्रार: "खाल्लं की लगेच जावं लागतं, काही अंगीच लागत नाही." तसं नसतं. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्याचा निरोप जातो. बाहेर पडतं ते जुनं; आत्ता खाल्लेलं अजून जठरातच आहे.

एकदम सगळं बंद करू नका

माझी दुसरी चूक ही. तीन पदार्थ एकापाठोपाठ सोडले आणि एकही परत सुरू करून पाहिला नाही. पदार्थ सोडायचा तर एका वेळी एकच, दोनेक आठवडे, आणि नंतर मुद्दाम परत खाऊन बघायचा. परत खाल्ल्यावर त्रास परतला तरच पुरावा. नाहीतर माणूस हळूहळू चार पदार्थांवर येऊन पोहोचतो आणि त्यालाच 'माझं पोट नाजूक आहे' म्हणायला लागतो.

गव्हाच्या बाबतीत एक जास्तीची काळजी. सीलिअ‍ॅक रोगाची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू खात राहा. गहू सोडला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. "सहा महिने गहू सोडलाय, बरं वाटतंय, आता तपासणी करू का?" असं कुणी विचारलं की मला कपाळावर हात मारावासा वाटतो, कारण आता तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागणार.

अ‍ॅसिडिटीची गोळी, चुकीच्या वेळी

एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा खिशात गोळ्यांची पट्टीच होती.

"कधी घेता ही?"

"जळजळायला लागलं की. रात्री जेवण झाल्यावर, झोपताना."

"आणि फरक?"

"काही नाही. कंपनी बदलून पाहिली."

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या जातीच्या गोळ्या जळजळ विझवत नाहीत. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे पंप असतात, आणि जेवण आलं की ते कामाला लागतात. गोळी चालू पंपालाच बंद करू शकते, आणि रक्तात ती टिकते थोडेच तास. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, म्हणजे पंप सुरू होताना औषध तिथे हजर असतं. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. तात्काळ आराम हवा असेल तर साधं अँटासिड वेगळं. ते आधीच तयार झालेलं आम्ल उदासीन करतं. यांनी कंपनी बदलली होती, वेळ नाही.

दुसरी बाजू अशी की या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्या आणि एके दिवशी झटक्यात सोडल्या तर काही काळ आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं. मग वाटतं, बघा, गोळीशिवाय चालतच नाही. सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, तेही तपासून घ्यावं.

मुळात प्रत्येक जळजळ मसाल्याची आणि ताणाची नसते. जठरातल्या व्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो हे कुणी मानायला तयार नव्हतं, तेव्हा १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. आज या जिवाणूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते, पण आम्लाच्या या गोळ्या चालू असतील तर ती चुकू शकते. सहसा दोन आठवडे आधी त्या थांबवायला सांगतात. व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. डोकेदुखीसाठी रोज एक आणि त्यामुळे होणाऱ्या जळजळीसाठी आणखी एक, अशी जोडी घेणारे मी पाहिले आहेत.

रात्रीची जळजळ असेल तर औषधाआधी झोपणं तपासा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. डोक्याखाली उशांचा ढीग रचू नका. त्याने कमरेत वाकून पोटावर दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला, आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो, त्यामुळे आम्ल वर यायला सोपं जात नाही.

(जेवताना पाणी प्यायलं तर पाचक रस पातळ होतात का? जठर दिवसाला सुमारे दोन लिटर रस तयार करतं आणि गरजेप्रमाणे वाढवतं. पेलाभर पाण्याने काही बिघडत नाही.)

बद्धकोष्ठ आणि उत्साह

तंतुमय पदार्थ वाढवा हा सल्ला बरोबर आहे. प्रौढांनी दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चूक होते ती वेगात. सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून ताटभर कोशिंबीर, कोंडा, कडधान्यं. शुक्रवारपर्यंत पोटाचा नगारा, आणि शनिवारी निष्कर्ष: मला तंतू सोसत नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो. आठवड्याला पाचेक ग्रॅमनेच वाढवा, आणि पाणी वाढवायला विसरू नका. कोरडा कोंडा उलट अडकून बसतो.

याहून जास्त नुकसान होतं ते शौचाची हाक दाबल्याने. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर मोठं आतडं सगळ्यात जास्त हलतं. तीच वेळ आपण डबा, गाडी, बैठक यांना देऊन टाकतो. मल आत थांबला की त्यातलं पाणी शोषलं जात राहतं, तो कडक होतो, आणि रोज दाबलेली हाक पुढे येईनाशी होते. न्याहारीनंतर दहा मिनिटं ठरवून द्या. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील इतकं. गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. फोन बाहेर ठेवा.

पौष्टिक, पण एकमेकांच्या आड

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातले घटक लोह धरून ठेवतात, दुधातलं कॅल्शियमही आड येतं. एक-दोन तासांचं अंतर ठेवा, आंबट फळाबरोबर घेतली तर उत्तम. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तास. तीन महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, अशा वेळी मी डोस विचारण्याआधी 'कशाबरोबर घेता' हे विचारते.

वजनाचं खापर 'मंदावलेल्या चयापचया'वर फोडणं हीसुद्धा आरोपीची अदलाबदलच. ६,४०० हून जास्त लोकांची मोजमापं असलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार हिशेबात घेतला तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. चाळिशीत बदलतं ते बहुधा चालणं, झोप आणि न मोजलेले घास. थायरॉइडची शंका असेल तर रक्त तपासा, अंदाज नको.

वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा

प्रयत्न न करता वजन उतरणं, गिळताना अडकणं, वारंवार उलटी, शौचात रक्त, डांबरासारखं काळं चिकट शौच, पोटदुखीने रात्री जाग येणं, पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत झालेला आणि टिकलेला बदल: यात घरचा तपास नको. लोहाच्या गोळीने शौच काळं दिसतं आणि बिटाने लालसर, हे डॉक्टरांना आधीच सांगा. आणि छातीतली जळजळ चालताना-जिना चढताना वाढत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर अँटासिड घेऊन वाट पाहू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा.