हनोईच्या रस्त्यावर मुंबईकर हमखास करतात त्या चुका

"आम्ही रोज दादरला रस्ता क्रॉस करतो, हनोईचं काय सांगता!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. नातेवाईक, शेजारी, मग त्यांचे शेजारी, अशी बरीच मंडळी माझ्यामागून व्हिएतनाम फिरून आली. पहिल्या दिवशी सगळे तिथेच अडकतात.

आपली मुंबईची पद्धत ठरलेली. हात दाखवायचा, गाडी जरा हळू झाली की सुटायचं, नाही जमलं तर दोन पावलं मागे. हनोईत यातलं एकही करू नका. तिथे बहुतेक सगळ्या स्कूटर, आणि स्कूटरवाला तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे ताडून तो बाजूने निघून जातो. धावलात, थबकलात, मागे सरलात की त्याचा हिशेब चुकला.

माझे मेहुणे कुर्ला स्टेशनबाहेर मुरलेला माणूस. टेटच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आधीचा आठवडा होता. होआन किएम तळ्याजवळ अर्ध्या रस्त्यात त्यांनी सवयीने हात वर केला आणि एक पाऊल मागे टाकलं. मागून एक बाई स्कूटरवर छोट्या संत्र्यांनी लगडलेलं झाड कुंडीसकट घेऊन येत होती. तिने कचकन ब्रेक दाबला, कुंडी कलली, संत्री रस्ताभर. आणि आमचे मेहुणे त्या गर्दीत वाकून संत्री गोळा करायला लागले! बाई काही बोलली नाही. कुंडी सरळ केली, गेली. संत्री मेहुण्यांच्या खिशात राहिली.

मी काय करतो? एखादी स्थानिक आजी शोधतो आणि तिच्या चालीने, तिच्या सावलीसारखा चालतो. वाहनं तिथे उजवीकडून धावतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. बस आणि मोटारी मात्र जाऊ द्यायच्या, त्यांच्याशी हा खेळ नाही.

दुसरी चूक नोटांची. वीस हजार डाँगची नोट निळी, पाच लाखांचीही निळी, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक साधारण पासष्ट-सत्तर रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली घाईत दिलीत की गेली. "शून्य मोजतो ना मी" म्हणणाऱ्यांचीच जाते, कारण शून्यं मोजायला वेळ लागतो आणि मागे रांग असते. पाच लाखांची नोट लांबीला जास्त असते. वीस हजारांच्या नोटेमागे होई आन गावातल्या छपराच्या पुलाचं चित्र असतं. मी मोठ्या नोटा पाकिटात ठेवतच नाही, आतल्या खिशात वेगळ्या. बायको हसते. हसू दे.

फूटपाथवर चालायचा हट्ट नको. तिथे स्कूटर उभ्या असतात आणि बुटक्या प्लॅस्टिक स्टुलांवर लोक जेवत असतात. चालायचं रस्त्याच्या कडेने.

कावडवाली "फोटो काढ" म्हणून कावड तुमच्या खांद्यावर ठेवेल. फोटोनंतर पैसे मागेल.

शाकाहारी मंडळींसाठी: तिथे "चाय" म्हणजे शाकाहारी. चहा हवा असेल तर "चा" म्हणा, थेट आपल्या कोकणातल्यासारखं. आमच्या एका काकूंनी "चाय, चाय" करत चहा मागितला आणि समोर टोफू आला. अमावास्या-पौर्णिमेला बरेच लोक चाय खातात, तेव्हा शाकाहारी जेवण जास्त सहज मिळतं. एरवी "भाजीच आहे" यावर विसंबू नका, माशाचा सॉस, न्युओक माम, कुठेही असू शकतो.

आणि तीन तासांत ओल्ड क्वार्टर, म्हणजे जुनं हनोई, "करणारे"! तिथल्या गल्ल्यांची नावं मालावरून पडलेली, हांग बाक चांदीची, हांग मा कागदी पूजासामानाची. आपल्या झवेरी बाजारासारखंच. यादी हातात धरून पळणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? मी पहिल्या सकाळी कुठेच जात नाही. कोपऱ्यावर स्टूल ओढतो, "चा डा" म्हणजे बर्फाचा चहा मागवतो आणि आज्या रस्ता कसा ओलांडतात ते बघत बसतो. पुढच्या खेपेला मेहुण्यांनाही तिथेच बसवणार आहे, दोन ग्लास संपेपर्यंत.