सायकलवर ॲक्शन कॅमेरा कुठं आणि कसा लावायचा म्हणजे व्हिडिओ थरथरणार नाही

कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावरनं खाली येतानाचे, मसाई पठारावरचे लई व्हिडिओ बघायला मिळतात, राईड एक नंबर असती पण दोन मिनिटांच्या वर बघवत नाही कारण सगळं चित्र थरथरतंय. मग कोणतरी सांगतं की कॅमेरा जुना झालाय, नवीन घे. भावांनो, पैसे घालायच्या आधी कॅमेऱ्याची जागा बदलून बघा.

गोप्रो कंपनीनं २०१८ ला हिरो ७ ब्लॅक कॅमेऱ्यात हायपरस्मूथ नावाचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करायची सोय आणली, आणि आता बहुतेक सगळ्या ॲक्शन कॅमेऱ्यांत ते चांगलं असतंय. कॅमेरा स्वतःची हालचाल ओळखतो, चित्राची कड थोडी कापून बाजूला ठेवतो आणि आपण डावीकडं हललो की चित्र तेवढंच उजवीकडं सरकवतो. मोठे हेलकावे यात मस्त निघून जातात. पण जांभ्या दगडावर चाक पळायला लागलं की हँडलला जी बारीक आणि फास्ट थरथर येते ती यात निघत नाही, कारण एक फ्रेम टिपेपर्यंतच लेन्स हललेली असते, ती फ्रेमच पुसट येती आणि पुसट आलेलं सॉफ्टवेअर सरळ करू शकत नाही. म्हणून थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. आणि त्यासाठी आपले वाकवलेले कोपर आणि गुडघे यांच्याइतकं चांगलं सस्पेन्शन दुसरं नाही, म्हणजे कॅमेरा सायकलवर नको, अंगावर पाहिजे.

माझी पहिली पसंती छातीचा पट्टा, म्हणजे चेस्ट माउंट. हात, हँडल, पुढची वाट सगळं दिसतं, उतार खरोखर तीव्र वाटतो. फक्त पट्टा बांधताना सरळ उभं राहून बांधू नका. सायकलवर या, पेडल लेव्हलला ठेवून उभे राहा, कोपर बाहेर काढून उतारावर वाकतो तसं वाका आणि कुणाला तरी मागनं पट्टे ओढायला सांगा. श्वास नीट घेता आला पाहिजे पण कॅमेरा हातानं हलवला तर छातीसकट हलला पाहिजे, इतकं घट्ट. पट्टा सगळ्यात वरच्या कपड्यावर, जॅकेटच्या आत नाही. पाण्याची बॅग असेल तर तिचा छातीवरचा पट्टा कॅमेऱ्याला घासत नाही ना ते बघा, नाहीतर सगळ्या व्हिडिओत खरखर ऐकू येती. आणि घामानं पट्टे सैल पडतात, म्हणून चढ संपला की उतरायच्या आधी परत एकदा ओढायचे.

आता अँगल. वाकल्यावर छाती जमिनीकडं बघते, त्यामुळं कॅमेरा वाटतो त्यापेक्षा बराच वर करायला लागतो. फोनला कॅमेरा जोडून, त्याच वाकलेल्या पोझिशनमध्ये बघा. हँडल फ्रेमच्या खालच्या भागात आणि वर थोडं आभाळ, एवढं आलं की झालं. पुढचं चाकच दिसत असेल तर अजून वर करा. बरेच जण कॅमेरा उलटा लटकवतात, तसं केलं तर सेटिंगमध्ये ओरिएंटेशन, म्हणजे चित्राची वरची-खालची बाजू, लॉक करा.

फुल फेस हेल्मेट, म्हणजे हनुवटीपण झाकणारं, असेल तर हनुवटीवरचा माउंट छातीपेक्षाही भारी, नजर जाईल तिकडं कॅमेरा. चिकटवायच्या आधी जागा स्पिरिटनं पुसून वाळू द्या, दाबून बसवा आणि आदल्या दिवशीच लावून ठेवा, गोंद पूर्ण धरायला २४ तास द्यायला लागतात. साध्या हेल्मेटच्या डोक्यावर मात्र मला पटत नाही, उंचावरनं उतार सपाट दिसतो आणि फांदीत अडकायची भीती. हेल्मेटला भोक तर कधीच पाडू नका.

हँडलवरच लावायचा असेल तर स्टेमच्या, म्हणजे हँडल जिथं मधे बसतं त्या भागाच्या, अगदी जवळ, धातूचा क्लॅम्प, आणि खाली पंक्चरच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा म्हणजे क्लॅम्प घसरत नाही. जोड जेवढे कमी तेवढं हलणं कमी, लांब दांडा नकोच. स्क्रू बोटानं आवळून पुरत नाही, पान्यानं थोडा अजून फिरवा. शिवाय कॅमेरा एका दोरीनं हँडलला बांधून ठेवा, कॅमेरा सुटला तरी दरीत जात नाही.

सेटिंग जास्त लावत बसू नका. उन्हात ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, १/२४० सेकंदाच्या आसपास. गगनबावड्याकडं दाट झाडीत उजेड कमी पडतो, शटर आपोआप स्लो होतं आणि स्टॅबिलायझेशन चालू असूनसुद्धा चित्र पुसट थरथरतं, त्यामुळं तिथं थोडा दाणेदार व्हिडिओ आला तरी चालेल पण शटर १/१२० पेक्षा स्लो होऊ देऊ नका. मेमरी कार्ड व्ही ३० (V30) असा स्पीडचा मार्क असलेलं घ्या. पावसाळ्यात धुक्याचं पाणी लेन्सवर बसतं, कोरडं मऊ कापड वरच्या खिशात असू द्या.

मसाई पठारावर मळलेल्या वाटेनंच चालवा, शॉटसाठी फुलांत सायकल घालू नका.

मोठ्या राईडच्या आधी घराजवळच्या खराब रस्त्यावर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर नाही, टीव्हीवर लावा. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐका. प्रत्येक खड्ड्याला बारीक टक टक येत असेल तर कुठंतरी जोड सैल आहे, तो आवाज जाईपर्यंत एकेक स्क्रू आवळत जा.